घराबाहेर एकालेच माहीत

४ नोव्हें., सोम.
फस्ट शिफ्ट करून येता येता भिलाईच्या सुपेला मार्केटात गाडी उभी केली. कांदे घेऊन परत येतो तं डॅशबोर्डाचं तोंड फाटलेलं, स्टिरिओ गायब. वायरी मधातून कापलेल्या, लोंबून राहिल्या होत्या. चोरी करते तं कर बापा, पण काम एवढं घाणेरडं? जिंदगी स्टील प्लांटच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून गेली, चांगली वायर मी आजवर मधात कापली नाही. कपलर, म्हणजे वायरीचा जोड, खोलायचा, वायर वाचवायची. फोरमननं कानाखाली देऊन शिकवलं होतं.
सौ. म्हणते, आता टेपबिगर चालवा. म्हणलं, तू मिठाबिगर सैपाक करून दाखव.

१० नोव्हें., रवि.
नवा स्टिरिओ बसवला. पोरगी, प्रणाली, म्हणे पॉवर हाऊस भागातल्या एका दुकानात एक फिटर आहे, घरी येऊन करून देते. देवेंद्र नाव. छत्तीसगढी पोट्टा, हात साफ आहे. त्याचीच आयडिया: स्टिरिओ दिसूच द्यायचा नाही. डॅशच्या भोकात एका मेलेल्या रेडिओचं तोंड चिकटवलं, चोरानं पाहून थुंकून जावं असं. खरा स्टिरिओ आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं. चालू-बंद अन् आवाजाचं बटण माझ्या सीट कव्हरात. हात खाली सोडला की बोटाले लागते.
माझा फोन बटणांचा, म्हणून प्र.चा फोन जोडून टेस्ट केली. तिनं कोणतं तरी हिंदी गाणं लावलं, दोघं हासत होते. माझी गाणी पेनड्राइव्हमध्ये, मले फोनबिन लागत नाही.
जाताना पोट्टा म्हणे, "अंकल, आपके घर के बाहर ये जगह सिर्फ मैं जानता हूँ."
चहा पाजला त्याले. दोन वेळा.

२४ नोव्हें., रवि.
सौ.नं आज जेवताना सांगितलं. प्र.ले त्याच देवेंद्रशी लग्न करायचं आहे. दोन वर्सांपासून चालू आहे म्हणे. म्हणजे मी घरी बोलावला तो फिटर नव्हता, जावई होता. अन् मी त्याले दोन वेळा चहा पाजला.
ताट सरकवून उठलो. माझा बाप भंडाऱ्याहून इथं प्लांटच्या भट्टीजवळ मरायले आला, ते काय नात छत्तीसगढ्याच्या घरी बासी, रातचा पाण्यातला भात, खायले जाईन म्हणून? तुमसरवाल्या भावाले काय तोंड दाखवू? प्र. दाराशी उभी राहून ऐकून राहिली होती. तिले ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोललो.

१ डिसें., रवि.
देवेंद्र बापाले घेऊन आला. बाप प्लांटच्या कँटीनमध्ये ठेक्यावर आहे. पिशवीभर पेरू आणले होते. खुर्चीच्या काठावर बसला, जशी काही खुर्ची मळून जाईन. त्याले स्टीलच्या गिलासात चहा दिला, मजुरांचे वेगळे ठेवले आहेत त्यातल्या. सौ.नं कप काढले होते, मी परत ठेवायले लावले.
गोड बोललो. सोचके बताते हैं, म्हणलं. बुढा खूश होऊन गेला.
नाही म्हणलं असतं तं पोट्टी पळून गेली असती. मले तो दारातून नाही, तिच्या मनातून काढायचा आहे.

३ डिसें., मंगळ.
शिफ्टले जाताना हात सहज खाली गेला, बटणावर. गाणं लागलं. तेव्हाच आठवलं तो काय बोलला होता ते. घराबाहेर एकालेच माहीत.
दिवसभर मिलमध्ये मन लागलं नाही. वाईट वाटून राहिलं होतं असं नाही. पाचवीतल्या पोराले सुट्टी लागावी तसं झालं होतं.

८ डिसें., रवि.
दोघी मायलेकी मरोद्याले बारशाले गेल्या. मी पोट बिघडलं म्हणून थांबलो.
ग्लोव्ह बॉक्सचं झाकण स्क्रू ड्रायव्हरनं मोडलं. आत हात घातला, कटर हातात घेतला. चोर आहे तं वायर कापली पाहिजे. पण हात गेला नाही. नवी वायर, एवढी साफ बांधलेली. कपलर दाबून खोलला.
स्टिरिओ फेकायले बी मन नाही झालं. डिक्कीत स्टेपनीच्या खाली बसवला, बॅटरीपासून मागं सिधी लाईन ओढली, मागचे स्पीकर जोडले. गाडी बंद असली तरी वाजते. बटणाची नवी वायर माझ्या सीटखाली. जुनी लाईन बंद, पुढं काहीच नाही. जिथी वायर नाही तिथी करंट नाही. आता त्याले माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही.
मायलेकी आल्या तेव्हा मी ताक पित होतो.

९ डिसें., सोम.
सकाळी स्टिरिओ चोरीले गेला म्हणून बोंब मारली. मग प्र.ले गाडीत बसवूनच दुकानात नेलं. नाही म्हणत होती. म्हणलं, चल, तुह्या डोळ्यानं पाह्य.
दुकानात गिऱ्हाइकं होती, बरं झालं. मालकाले सांगितलं, जागा याच्याशिवाय कोणाले माहीत नव्हती. देवेंद्रनं ग्लोव्ह बॉक्समध्ये वाकून पाहिलं. मग हळूच म्हणे, "अंकल, अगर चोर होता तो वायर काटके ले जाता. ये तो कपलर खोलके निकाला है."
म्हणलं, आता सापडलो. पण मालकच हासला. म्हणे, कपलर खोलना यहाँ किसको आता है? तेरे को. त्याची औजाराची थैली उचलून रोडवर ठेवली.
पोट्टा खरं बोलला अन् खऱ्यानंच मेला. प्र.ले म्हणलं, "पाह्य, हा तुह्या पसंतीचा." ती त्याच्याकडं पाहत नव्हती. माझ्या हाताकडं पाहत होती. काहून पाहत होती, समजलं नाही.

१२ डिसें., गुरु.
त्याचा बाप आला. नवा स्टिरिओ घेऊन देतो म्हणे, पोलीस-थाना करू नका. पाया पडला. मी पाय मागं घेतला नाही, त्याले वाकलेलाच राहू दिला. चांगलं वाटलं. लिहूनच ठेवतो, कोण वाचते.
आज पेरू आणले नव्हते.

१९ डिसें., गुरु.
देवेंद्रले भिलाईत कोणी कामावर ठेवत नाही. कुम्हारीले हायवेवर टायर पंक्चरच्या दुकानात लागला म्हणे. बरं आहे, तिथी कपलर नाही.
मी शिफ्टले गाणी ऐकत जातो, आवाज लहान ठेवून. डिक्कीतून उलट घुमून येते, गोड लागते. प्र. माझ्याशी बोलत नाही, गाडीत बसत नाही, शाळेत शिकवायले बसनं जाते. सौ. म्हणते, पोरगी जेवत नाही. म्हणलं, भूक लागली की जेवते. प्र.ले पाहायले तुमसरचे पाहुणे पाच तारखेले येऊन राहिले.

५ जाने., रवि.
पाहुण्यांले घ्यायले दुर्ग स्टेशनले निघालो. सौ.नं जबरदस्ती प्र.ले सोबत दिलं, वाटेत फुलं-मिठाई घ्यायची होती. ती मागं बसली. गाडी काढली अन् तिच्या पाठीमागून, डिक्कीतून, एक बाई इंग्रजीत बोलली. "कनेक्टेड."
काल सेकंड शिफ्टहून आलो तेव्हा गाणी सरली होती, अन् बटण बंद करायचं राहून गेलं होतं.
आरशात पाहिलं. ती फोनकडं पाहत होती. मग बोट फिरवलं. तेच हिंदी गाणं, टेस्टच्या दिवशीचं. अर्धी ओळ वाजली, तिनं बंद केलं. मी सगळ्या वायरी सोडवल्या होत्या. फोनले वायरच नसते हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. त्या डब्यानं तिचा फोन ध्यानात ठेवला होता.
वाट पाहिली, आता बोलते, मग बोलते. नेहरू नगरच्या चौकात बोलली. "बाबा, सिग्नल हिरवा झाला."
पाहुणे जेवले, पोरगा बँकेत आहे. प्र.नं पोहे दिले, खाली पाहून उत्तरं दिली. तिनं तोंड उघडलं की मी मधातच मिठाईचं ताट पुढं करायचो. काही सांगितलं नाही तिनं. पोराचा मामा म्हणे, पोरगी लय शांत आहे.
पाहुणे गेल्यावर पाहतो तं खिळ्यावर गाडीच्या दोन्ही चाव्या नाहीत.

८ जाने., बुध.
चावी मागितली. "माझ्याजवळ राहू द्या," म्हणे. बस. सायकलनं ड्यूटीले जाऊन राहिलो, मिलमधली पोरं विचारतेत, साहेब गाडी कुठी?
आईले बी सांगितलं नाही तिनं. भांडली असती, रडली असती तं मले चाललं असतं, रडणाऱ्याले गप करता येते. संध्याकाळी सौ. भाजीले गेली की ती वर गॅलरीत फोन घेऊन उभी राहते. खाली उभ्या गाडीतून गाणं सुरू होते, बटण चालूच राहिलं, चावीबिगर माझा हात जात नाही. बंद होते. पुन्हा होते. मी व्हरांड्यात पेपर धरून बसतो. शेजारचा साहू विचारे, तुम्हारी गाडी में भूत है क्या. माझाच स्टिरिओ, अन् माझा म्हणता येत नाही.

१२ जाने., रवि.
सकाळी चहा आणून समोर ठेवला तिनं. महिन्यात पहिल्यांदा.
"बाबा, कुम्हारीले जाऊ. देवेंद्रच्या दुकानावर. त्याचे बाबा बी येऊन राहिले. गाडी तुम्ही चालवा, गाणं मी लावते. तिथी डिक्की तुम्ही स्वतःच्या हातानं उघडायची."
म्हणलं, अन् नाही उघडली तं?
"तं मी तिथंच राहते. तुम्ही एकटे परत या."
हे लिहून राहिलो तं ती गाडीत जाऊन बसली आहे. चावी डॅशवर ठेवली, खिडकीतून दिसते. गाणं लावलं आहे, फुल आवाजात. घरांची आख्खी लाईन बाहेर आली, साहू बनियनवर उभा आहे. तुमसरले फोन जायले कितीसा वेळ.
सौ. पिठाच्या हातानं दारात आली. म्हणे, "अवो, टेप तं चोरीले गेला होता ना?"
ती दार सोडून हालत नाही. एक चप्पल सापडली, दुसरी पाहून राहिलो.