आखूड पायाची खुर्ची

प्रिय दादा,

आज सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. लिहायला बसण्याआधी मी कीबोर्ड पुसत होतो. कालही पुसला होता. आई अजून झोपली आहे. उद्या मामा तिला न्यायला येईल, तेव्हा हे पत्र त्याच्या हाती देईन. फोनवर मला हे जमणार नाही. शनिवारपासून चार वेळा तुझा नंबर लावला. चारही वेळा तू उचललास आणि मी आईच्या डोळ्यात थेंब कधी घालायचे ते सांगून फोन ठेवला. चौथ्या वेळी तू म्हणालास, "अरे, पाठ झालं मला."

आईचा डोळा बरा आहे. ऑपरेशन गुरुवारी झालं आणि पट्टी काल सुटली. माझ्या खोलीभर एकदा नजर फिरवून ती म्हणाली, "एका डोळ्याला एवढी जळमटं दिसतात, दुसराही केला तर इथे राहणं कठीण होईल." तेवढ्यावरून ओळख, तब्येत चांगली आहे.

तू दर वेळी विचारतोस, मी दिवसभर कान झाकून नक्की करतो काय. वहिनी तर शेजारणींना सांगते म्हणे, की आमचे भाऊजी मांजर पडलं की पेटी वाजवतात. ती काही फार खोटं बोलत नाही. कार्टूनमध्ये पाऊल पडतं, दार लागतं, कुणी घाबरतं, त्या प्रत्येक गोष्टीला संगीत लागतं. पडद्यावर एक लांब पट्टी असते. वर चित्रं सरकतात, खाली मी आवाजांचे तुकडे मांडतो. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. आवाज दोन चित्रं उशिरा आला तरी पडणारं मांजर खोटं वाटतं. माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्याला हे काम मिळालं, कारण मी मोजायला कंटाळत नाही. माझ्या दिग्दर्शक, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्या एकदा म्हणाल्या होत्या, "हा पोरगा डाळसुद्धा मोजून शिजवत असेल."

सध्याची गोष्ट एका खुर्चीची आहे. तिचा पुढचा एक पाय आखूड. बसेल तो डुगडुगतो, म्हणून घरातले तिला माळ्यावर टाकतात. ती एक दिवस खाली उतरते आणि पायाखाली घालायला काहीतरी शोधत घरभर फिरते. पुढच्या दोन पायांवर, माणसासारखी चालते. शेवटी तिला एक म्हातारा भेटतो, जो स्वतःच एका बाजूला कललेला आहे. तो तिच्यावर बसतो आणि दोघं सरळ होतात. एवढीच गोष्ट. बारा मिनिटांची.

एरवी चित्रं आधी होतात आणि संगीत मागून. पण या चालण्याच्या प्रसंगाला बाई म्हणाल्या, आधी तू चाल दे, मग आम्ही चित्रं काढू. मी खरी खुर्ची आणली, ती फरशीवर ठोकून आवाज रेकॉर्ड केला, आणि ठोके मांडायला बसलो. सारख्या अंतरावर, बारा-बारा चित्रांवर मांडले, तर ती खुर्ची न वाटता पहारेकरी वाटली. मग मी डोळे मिटले आणि हातानंच टेबलावर वाजवलं. मोजलं तर एक ठोका पंधरा चित्रांचा आणि दुसरा नऊचा होता. ठक्, मग पटकन टुक. त्याखाली क्लॅरिनेटचा एक जाडा सूर टाकला. बाईंनी ऐकलं आणि खुर्चीतून उठून त्या स्वतः तशा चालायला लागल्या. चित्रं काढणाऱ्याला आम्ही रबर म्हणतो, कारण तो काढतो त्याच्या दुप्पट खोडतो. त्या रबरनंही काही खोडलं नाही. अकरा दिवसांत त्यानं माझ्या ठोक्यांवर बेचाळीस सेकंदांची चित्रं काढली. म्हणजे एक हजार आठ.

गेल्या शुक्रवारी बाईंनी जवळच्या शाळेतल्या वीस मुलांना सगळी फिल्म दाखवली. प्रत्येक टुकला मुलं हसली. म्हातारा आला तेव्हा मात्र एकदम गप्प झाली, एकही हललं नाही. संपल्यावर पाच-सहा जणं व्हरांड्यातून फाटकापर्यंत तशीच चालत गेली. ठक् टुक, ठक् टुक. मी खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवल्या, दादा. हे तुला सांगायलाच हवं, की मी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी घरी तोच तुकडा तपासत होतो. आईच्या डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्यानं तसंही तिला धूसरच दिसतं. तिला कंटाळा आला असेल म्हणून मी कानावरचा हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला. चारेक ठोके झाले असतील. ती पलंगावरून उठली, भिंत चाचपत दाराकडे निघाली आणि म्हणाली, "थोरला आला बघ. कळवलंही नाही. दार उघड, त्याला उभं ठेवू नकोस."

तिचा हात कडीवर पोचला होता. मी तुकडा बंद केला आणि सांगितलं, की तो आवाज कॉम्प्युटरचा आहे. ती तिथेच थांबली. मग म्हणाली, "पुन्हा लाव." मी लावला. उभ्यानं तिनं पूर्ण बेचाळीस सेकंद ऐकलं. "हे पोरांना हसवायला आहे?" मी हो म्हणालो. "त्याला विचारलंस?" मी भात लावायला उठलो. जेवताना फक्त एवढं म्हणाली, "आज तुझं मीठ मोजायचं राहिलं."

तुझी शपथ घेऊन सांगतो, मी मुद्दाम केलं नाही. आपल्या जिन्याला सतरा पायऱ्या. सहा वर्षं रोज संध्याकाळी मी तुला त्या चढताना आतून ऐकलं. इथे येऊन दोन वर्षं झाली तरी तो ठेका माझ्या हातात राहिला आणि मला वाटलं, मला तो सुचला. आता हा तुकडा बदलायचा तर चित्रं नव्यानं काढावी लागतील. गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळं पाठवून द्यायचं आहे. तेवढ्यात ते होणार नाही, आणि बाई मला ठेवतील असं वाटत नाही. मी दोन गोष्टी तयार ठेवल्या आहेत. एक, पूर्ण झालेली फाइल. दुसरी, बाईंना लिहिलेली चिठ्ठी, की चाल माझी नाही, मी ती परत घेतो. यातलं काय द्यायचं ते तू सांगायचंस. तुझ्या रंगकामाच्या शिड्या विकून तू हा कॉम्प्युटर घेऊन दिलास, म्हणून तू हो म्हणशील हे मला माहीत आहे. "वाजव की, पायाचं काहीतरी चीज झालं," असंच म्हणशील. म्हणूनच हे पुढचं लिहितो आहे.

तू पडलास त्या दिवशी मी शिडी धरलेली नव्हती. सभागृहाच्या मागच्या भिंतीला तू वर रंग देत होतास आणि मी खालच्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं होतं. अंगणात रंगाचा रिकामा डबा वाऱ्यानं घरंगळत होता. थांबायचा, पुन्हा सुटायचा. मला तो आवाज फोनमध्ये घ्यायचा होता. मी पाय काढला आणि सहा पावलं पुढे गेलो. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे, तेवीस सेकंदांचं. सतरा सेकंद डबा आहे, मग शिडी फरशीवर घासते, आणि मग तू माझं नाव घेतोस. ओरडून नाही, नेहमी ब्रश मागायचास तसं. मी सगळ्यांना सांगितलं, की मी धरलीच होती, फरशी ओली होती. दवाखान्यात तू आईला म्हणालास, माझाच तोल गेला. तू वरून मला पाहिलं होतंस की नाही, हे मला आठ वर्षांत विचारता आलेलं नाही. ज्या पायाचा ठेका मी वापरायला मागतो आहे, तो असा झाला आहे. हे माहीत नसताना तू दिलेला होकार मला घेता येणार नाही. आईला अजून वाचता येत नाही. ती तुला पत्र वाचून दाखवायला सांगेल. कुठपर्यंत वाचायचं ते तू ठरव. तू शेवटपर्यंत वाचलंस तरी माझी हरकत नाही. गुरुवारी सकाळपासून फोन माझ्या हातात असेल, आणि या वेळी मी थेंबांचं काही बोलणार नाही.

तुझाच,
धाकटा