गोलकीपरच्या शर्टाला खिसा

९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहून त्याचा फोटो आईच्या फोनवर पाठवते आहे. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे शिलाई मशीनशी बोलायचं. तुम्ही पाय थांबवत नाही आणि वर म्हणता, पोरगी पुटपुटते.

शर्टांचं पार्सल विमानतळावरच उघडलं. अहो बाबा, देशाचा लॅक्रॉसचा संघ जन्मात पहिल्यांदा बाहेर खेळायला निघालाय आणि तुम्ही आम्हाला शाळेचे गणवेश शिवून दिलेत! सगळ्यांचे दोन बोटं मोठे, उंची वाढली की उसवायला खाली दुमडलेलं कापड आणि छातीवर खिसा. आमची कप्तान दातांची डॉक्टर आहे, दोन मुलांची आई. तिची उंची आता कुठून वाढायची? कोचबाईंनी खिशात हात घालून तो किती खोल आहे ते पाहिलं. मग म्हणाल्या, दुसरे शर्ट मिळणार नाहीत, हेच घाला आणि एकमेकींकडे बघून हसू नका.

आता जिवाला घोर लावणारी बातमी. संघटनेच्या अध्यक्षांनी बजावलंय की तीन सामन्यांत एक तरी जिंका, नाहीतर संघ बंद. जिंकलो तर इथूनच परस्पर वर्षभराच्या शिबिराला जायचं. गोलात मी उभी, त्यामुळे खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार ते सांगायला नको.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानं कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

---

१० जून

चि. ठमीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आईनं वाचून दाखवलं. वाचताना तीन ठिकाणी हसली. मला ते आवडलं नाही.

माझा उभा जन्म गणवेश शिवण्यात गेला. घट्ट झाला म्हणून रडणारी पोरं मी पाहिलीत, सैल झाला म्हणून अजून कुणी रडलेलं नाही. आणि खिसा कशाला म्हणे! उन्हात पळणार, घाम येणार, मग रुमाल कुठे ठेवणार, डोक्यावर? तुझं माप तेवढं अंदाजानं धरलं. तू घरी टिकतेस कुठे, टेप लावायला?

काठीला जाळी बांधून चेंडू झेलण्यात देशाचं काय भलं होतं, ते मला कळत नाही. राग मानू नकोस, पण स्पष्ट लिहितो. हरलात तर सरळ घरी ये. दुकान तुझंच आहे. माझ्याच्यानं आता सुईत दोरा जात नाही. तुझी आई ओवून देते आणि दर वेळी माझ्याकडे असं बघते की जणू किडनी दिली. कातरकामात तुझा हात माझ्याहून सरळ चालतो. खिडकीजवळचं मशीन तेल घालून ठेवलंय. तेव्हा जिंकून ये वगैरे माझ्या तोंडून येणार नाही. लागू नये एवढं बघ.

तुझा,
बाबा

---

१४ जून

ती. बाबांस,
सा. न.

दोन सामने झाले. पहिल्यात आम्ही शून्य, समोरच्या बावीस. दुसऱ्यात आम्ही एक, समोरच्या सतरा. कोचबाई म्हणतात, सुधारणा आहे.

घोळ कुठे झाला तर ऐका. अख्ख्या देशात आमचा एकच संघ. आजवर आम्ही आपापसातच दोन गट करून खेळलो, आणि कोण कुठल्या गटात हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे मोकळी दिसली की ती आपलीच, असा हिशेब पक्का डोक्यात बसलाय. आमच्यातली एक बँकेत नोकरी करते, त्या बँकवालीनं पहिल्याच मिनिटाला समोरच्या एका उंच मुलीला प्रेमानं चेंडू देऊन टाकला. तिनं हसून आभार मानले आणि गोल केला. बँकवालीनं टाळ्या वाजवल्या.

त्यात वारा सुटला की माझा शर्ट असा फुगतो की मला माझेच पाय दिसत नाहीत. खिसे आणि जास्तीचं कापड काढून टाकू का? डॉक्टरीणबाईंकडे कात्री आहे.

बाबा, काल मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले. पुन्हा पुन्हा मागे वळून जाळीतला चेंडू उचलून द्यायचा, फार वाईट वाटतं हो. दुकानावर माझा राग नाही. पण मला अजून खेळायचंय. उद्या शेवटचा सामना, आमच्यासारख्याच नवख्या संघाशी. तेही दोन्ही सामने हरलेत.

माया असू द्या, निदान उद्यापर्यंत.

तुमची,
ठमी

---

१४ जून, संध्याकाळ

चि. ठमीस,
आशीर्वाद.

खिशाला हात लावायचा नाही! खिसा निघाला की खाली गडद चौकोन दिसतो आणि टाक्यांची भोकं दिसतात. असला शर्ट घालून देशासाठी उभी राहणार? सैल वाटतो तर खाली खोच. दातांच्या डॉक्टरनं दात काढावेत, माझी शिलाई काढू नये.

आणि डाव्या बाजूचा चेंडू आला की तू उशिरा हलतेस. मला यातलं कळत नाही, पण दिसलं.

बाबा

ता. क. मी आई. कागद उरला म्हणून लिहिते. यांना दिसलं ते कसं, तर शाळा उघडायच्या तोंडावर दुकानाला टाळं लावून दोन्ही सामने फोनवर पाहिले. गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीन बिघडलंय. त्या उंच मुलीनं चेंडू परत दिला नाही म्हणून हे अजून चिडलेले आहेत, म्हणे काय ही वागायची रीत! रडू नकोस गं. जेवत जा.

---

१६ जून

ती. बाबांस आणि ती. आईस,
खूप खूप नमस्कार.

जिंकलो! नऊ-आठ! घाईघाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

शेवटचं मिनिट. त्यांचा एक गोल झाला की बरोबरी, आणि पुढे पळायला आमच्या कुणाच्यात त्राण नव्हतं. त्यांच्या मुलीनं डाव्या बाजूनंच मारला. मी हलले, या वेळी वेळेवर. चेंडू माझ्या काठीला लागला, तिथून हेल्मेटला, वर उडाला आणि गायब! त्यांच्या मुली गोल झाला म्हणून नाचायला लागल्या. मागे बघते तर जाळी रिकामी. मग आमच्याही आणि त्यांच्याही सगळ्या गवतात शोधायला लागल्या. पंचबाई माझ्याभोवती फेरी मारून गेल्या. मला छातीवर जड जड लागत होतं, वाटलं, भीतीनं होतंय. हात लावला तर चेंडू खिशात! शर्ट दोन बोटं मोठा, तसा तुमचा खिसाही दोन बोटं मोठा.

समोरच्यांनी तक्रार केली. नियम काढून पाहिला. गोलकीपरच्या कपड्यात चेंडू अडकला तर तिनं तो काढून काठीच्या जाळीत घ्यायचा आणि खेळ चालू. मी रुमाल काढावा तसा काढला आणि बँकवालीकडे फेकला. तिनं तो या वेळी कुणालाही दिला नाही, धरूनच बसली. शिट्टी वाजली.

म्हणजे बाबा, आता मी घरी येत नाही. संघ राहिला. शिबिर परवापासून, ते वर्षभर. तुम्ही माझी वाट बघत होता, मला ठाऊक आहे. रागवा, पण कागदावर रागवा, म्हणजे मला वाचता येईल.

तुमची,
ठमी

---

१७ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा.

रागावलेलो नाही. खिडकीजवळच्या मशीनवर आता तुझी आई बसणार म्हणते. बसू दे. गल्लीतला चष्मेवाला सकाळपासून येईल त्याला खिसा कुणी शिवला ते सांगतोय, त्यामुळे दुकानात काम कमी आणि गर्दी जास्त आहे.

एक गोष्ट तुझ्या आईकडून कळण्याआधी मीच लिहितो. चेंडू नाहीसा झाला तेव्हा तो कुठे गेला ते फोनवर मला स्वच्छ दिसलं होतं. माझाच खिसा, मला दिसणार नाही? त्या वेळी मनात हेही आलं की हा गोल ठरला तर ठमी घरी येते. अगदी शेजारी बसावीस इतकी जवळ आली होतीस. आणि मी, पोरी, फोनच्या काचेवर बोट आपटत जिवाच्या आकांतानं ओरडत होतो की खिशात बघ, खिशात बघ. तुला ऐकू जाणार नाही हे कळत होतं, तरी ओरडत होतो.

तुझा,
बाबा