कोतवालाच्या बुकातला मायकेलचा मुलगा

१७ नोव्हें., सोम.
प्रशांतचा फोन, आयर्लंडहून. भाचा तिकडे दवाखान्यात नर्स म्हणून गेला आणि तीन वर्षांत तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा पुढारी होऊन बसला. आता त्याची घरमालकीण. नोरा. वय ब्याऐंशी, लग्न नाही, बहीणभाऊ नाही. तिचा एक काका मायकेल, इंग्रजांच्या वेळी आपल्या तळेगावच्या सरकी काढायच्या जीनमध्ये इंजिन सांभाळायला होता. कापसाच्या हंगामातच वारला, इथेच. त्याचं शेवटचं पत्र तिच्याजवळ आहे. त्यात, मला इथे मुलगा आहे, एवढं एक वाक्य. पुढे काही नाही. नोराला तो मुलगा पाहिजे. म्हणजे त्याच्या घरचं आता जे कोणी असेल ते.
"आत्या, तुले काय कठीन हाय. त्याच गठ्ठ्यांत तर चौतीस वर्षं काढली तू."
हो म्हणून बसले. रिटायर होऊन तसाही वीट आलाय.

१९ नोव्हें., बुध.
तहसील, रेकॉर्ड रूम. माझ्या खुर्चीवर आता रेखा. चहा पाजला, मग म्हणते, "मॅडम, अर्ज करा लागन." मीच शिकवलेलं. केला अर्ज.
संध्याकाळी प्रशांतला कोतवाल बुक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल ठाण्यावर जाऊन तोंडी सांगायचा, तिथला मुन्शी बुकात उतरवायचा. जन्मलेल्याचं नाव त्यात नसतं. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल ठाण्यावर पोचलेला. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, खबर कोणी दिली, बस.
प्रशांत म्हणे, मग आईचं? म्हटलं, आईचं कोणी विचारत नव्हतं बाबा.

२४ नोव्हें., सोम.
तीन दिवस धूळ. खोकला झाला. मोडी अजून वाचता येते, एवढं समाधान.
मृत्यू सापडला. मायकल साहेब, जात ख्रिस्ती, ताप. खबर देणार सोमा कोतवाल.
तिथून मागे जायचं आता.

२७ नोव्हें., गुरु.
सापडला. मृत्यूच्या दीड वर्ष आधीचं पान. बाप मायकल साहेब. जात ख्रिस्ती. मुलगा. खबर देणार सोमा कोतवालच.
खुर्चीतून उठून रेखाला दाखवलं. ती म्हणे, "साहेबानं ठेवली असन मॅडम कोनी." मी तिला झापलं. का झापलं माहीत नाही, मलाही तेच वाटलं होतं.
प्रशांतला लगेच फोटो. तासाभरात त्याचा फोन. नोरा रडली म्हणे, मग उठून केक करायला घेतला. अर्धा यानेच खाल्ला असणार.
मला फार बरं वाटलं. नोकरीत असताना लोक नक्कल घेऊन जायचे, पुढे काय झालं ते कधी कळायचं नाही.

३० नोव्हें., रवि.
पोरगा पुढे कुठे गेला? बुकात नाव नाही. विचार करता करता सोमा कोतवालावर आले. त्याचा नातू शेषराव तळेगावलाच आहे, मला चांगला आठवतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी नातवाच्या जातपडताळणीसाठी आला होता. बापाचा जन्म बुकात पाहून द्या म्हणे. दोन दिवस बाकावर बसून होता. मी पाहिलं, नव्हता. ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला माझ्याच हाताने दिला. पुढे शाळेच्या दाखल्यावर काम झालं त्याचं.
साहेबाचं काही ऐकलेलं असेल तर त्यालाच.

३ डिसें., बुध.
सिंदी मेघेहून ऑटो, मग एसटी. आर्वीपासून पुढे उभ्यानं. तळेगावला उतरून विचारत विचारत गेले. शेषराव एकोणऐंशीचा, दात नाहीत, कान शाबूत. मला ओळखलं. "जयभीम मॅडम. रेकॉर्डवाल्या ना तुमी?" बायकोनं तुरीच्या शेंगा उकडून समोर ठेवल्या.
विचारलं, जीनवरच्या साहेबाला मुलगा होता म्हणतात, तुम्हाला काही ठाऊक?
"तो माहा बापच."
शेंग हातातच राहिली माझ्या.
"तसं नाई हो मॅडम. सोमा माहा आजा. त्याचे तीन लेकरं लागोपाठ गेलते. चवथा झाला तं आजीनं नेऊन साहेबाच्या मांडीवर टाकला. तुहा लेक हाय म्हने. मंग पसाभर कोंडा देऊन परत घेतला. म्हनून तं नाव कोंड्या."
हे मला कळायला पाहिजे होतं. माझ्याच चुलतआजीचं नाव कचराबाई. आधीची दोन गेलेली, म्हणून यमाची नजर चुकवायला हिला जन्मल्याबरोबर कचऱ्यावर ठेवून उचलली होती. आमच्या मोहल्ल्यात अशा नावाच्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत. साहेबाचं नाव पाहिलं आणि मीही रेखासारखीच...
म्हटलं, पण बुकात कसं आलं? ते तर सरकारी.
"आजाच कोतवाल. तो म्हने, घरात साहेबाचा न सरकारात आपला, असं चालते का? यमाले काय वाचता येत नाई? गेला ठान्यावर न साहेबाचंच नाव सांगून आला."
शेषराव हसला. मी हसले नाही. ज्या पानावर त्याच्या बापाचा जन्म होता ते पान मी तेव्हा उलटून पुढे गेले होते. सांगितलं त्याला. चुकलं म्हटलं.
"तुमी सोमाच्या नावावर पाह्यलं. तेथं तो नोताच. घरची गोष्ट खरी असन, हे मलेबी तवा वाटलं नोतं."
एवढं बोलून विषय संपवला त्यानं. मग मी निघताना, चपला घालत होते तेव्हा, सहज म्हणाला, "साहेब मेला तवा बाप दीड वर्साचा होता. आजीनं त्याचं डोस्कं भादरलं. बाप मेला म्हने तुहा."
एसटीत तेच डोक्यात. कारंजाच्या बाजूनं येणारी गाडी होती, संत्र्याच्या पेट्यांनी भरलेली. पाय ठेवायला जागा नाही.

४ डिसें., गुरु.
प्रशांतचे दोन फोन. उचलले नाहीत.

५ डिसें., शुक्र.
उचलला. सगळं सांगितलं.  तो म्हणे, "तिले सांगतं कायले आत्या? बुकात तं लिवलं हाय ना. नक्कल पाठव, खूश राहीन बिचारी."
कायद्यानं बरोबर आहे त्याचं. शिक्क्याची नक्कल निघेल, तिच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मी स्वतः आयुष्यभर लोकांना तेच सांगितलं, बुकात आहे ते आहे.
पण ती बाई भाऊ शोधते आहे. रक्ताचा. आणि तो तिचा नाही हे मला माहीत आहे.
वाईट वाटतंय. तिला पाहिलेलंही नाही आणि वाईट वाटतंय.

८ डिसें., सोम.
पत्र लिहिलं, चार पानं. आजी, मांडी, कोंडा, सोमानं ठाण्यावर जाऊन काय केलं ते, डोकं भादरलं ते. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. फोटो काढून प्रशांतला पाठवले. त्याला म्हटलं, इंग्रजीत वाचून दाखव, आणि मनानं गोड करू नको.

११ डिसें., गुरु.
वाचून दाखवलं त्यानं.  नोरानं कपबशा आवरल्या आणि खोलीत गेली. दोन दिवस झाले, याच्याशी बोलत नाही. प्रशांत माझ्यावर चिडलाय. "सांगतलं होतं तुले."
जेवले नाही नीट. खोटं बोलायला काय जात होतं माझं? चार ओळींची नक्कल.

१५ डिसें., सोम.
प्रशांतचा फोन, आवाज जरा बरा. नोरा आज सकाळी बोलली. विचारते, ते डोकं भादरणं काय असतं? कोणाचंही भादरतात का?
म्हटलं, नाही. बाप गेला की लेकाचं.
त्यानं तिला सांगितलं.  मग तो म्हणे, तिच्याकडे घराण्याचं मोठं धर्मपुस्तक आहे, त्याच्या पहिल्या पानांवर चार पिढ्यांची नावं लिहिलेली. मायकेलच्या खाली कोरं. तिच्यानंतर ते पुस्तक चर्चमध्ये जाणार. ती विचारते, तिथं त्या मुलाचं नाव लिहू की नको? आत्यालाच विचार म्हणते.
मला कशाला? मी कोण?
"तू रेकॉर्डवाली हायेस म्हनून."
शेषरावला विचारून सांगते म्हटलं. सुटका.

१६ डिसें., मंगळ.
शेषरावला फोन. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणे, "त्या बाईले दुसरा भाऊ हाय?"
नाही म्हटलं.
"मंग इचारते काऊन? लिवून टाक म्हना. माह्या बापाची बहीन म्हंजे मायी आत्याच झाली ते." आणि वर, "बाप आमचा जलमभर म्हने, मले दोन बाप. कोनी हासलं तं हासू द्यायचा."
त्याचं किती सोपं. त्याला काही शोधायचं नव्हतं, तो त्यातच वाढला.

१७ डिसें., बुध.
दुपारी प्रशांतनं व्हिडिओ लावला. नोरा पहिल्यांदा दिसली. बारीक, पांढरे केस आखूड कापलेले, लोकरीचा निळा झगा. टेबलावर ते पुस्तक उघडं, हातात पेन. मला नमस्कार केला, प्रशांतनं शिकवलेला असणार.
शेषरावचं म्हणणं सांगितलं. प्रशांतनं तिला सांगितलं. ऐकताना तिनं मान हलवली, हसली पण. आत्या हा शब्द तिला येतो, प्रशांत मला हाक मारतो ना, तो ऐकून. दोनदा म्हणून पाहिला.
पण लिहिलं नाही. पेन तसंच धरून काहीतरी म्हणाली. प्रशांत म्हणे, "ते म्हनते, शेषरावचं झालं. तुमाले काय वाटते? तुमी दाखला द्याल का?"
ती थेट माझ्याकडे बघत होती. मी चष्मा काढून पुसला. परत घातला.
उद्या सांगते म्हटलं.
ब्याऐंशी वर्षांच्या बाईला मी उद्या सांगते म्हटलं.