दोन पोत्यांचा फरक

अण्णा, गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने मला आपल्याच गॅरेजात उभं राहून खोटारडी ठरवलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही. कामं होती. पण हा प्रश्न तुमच्या-माझ्यातला आहे, त्यावर तिसऱ्या कुणाशी बोलून उपयोग नाही.

गृहस्थ पुण्यात नोकरी संपवून मिरजगावला शेतावर राहायला आलेत. तरुणपणी चित्रात पाहिलेली दोन सीटची, उघड्या टपाची लाल स्पोर्ट्स कार त्यांनी आता, सत्तरीला टेकताना, विकत घेतली. मी कॉलेजात असताना तुमच्या हाताखालून गेलेल्या त्या दोन गाड्यांचीच ही बहीण. इंजिन उतरवून केलं, ब्रेक केले, आणि त्यांच्याच हट्टापायी साखर कारखान्याच्या काट्यावर वजन करून पावती हातात दिली. त्यांनी खिशातून जुनं माहितीपुस्तक काढलं, चष्मा चढवला आणि म्हणाले, "मॅडम, दोन पोत्यांचा फरक आहे. काटा तरी खोटा आहे, नाहीतर तुम्ही. कुठलं लोखंड भरलंत हिच्यात?" मी म्हटलं, "पुस्तक सुरुवातीच्या वर्षांचं आहे. तुमची गाडी शेवटच्या वर्षांतली." ते म्हणाले, "नाव तेच, पत्रा तोच, मग वजन वेगळं कसं? मला फसवू नका." मग मी दाराचं अस्तर उघडून आतला आडवा पाइप दाखवला, मोठे बंपर दाखवले. पटलं त्यांना, पण भलतंच पटलं. "मग काढून टाका सगळं. दारातले पाइपसुद्धा. मला पहिल्या वर्षाची गाडी पाहिजे." त्यांच्या शेजारी बसून त्यांची बायको फिरणार आहे, नगर-सोलापूर रस्त्यावर, ट्रकांच्या मधून. आणि मी, जिने कधी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं नाही, "उद्या सांगते" म्हणाले.

कारण तुमचा नियम. गाडी गिऱ्हाइकाची, आपलं मत आपल्यापाशी. याच नियमावर तुम्ही गॅरेज चालवलंत आणि तुमच्यामागे मीही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडताना मला ते दिवस नीट आठवले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आपल्याकडे एकाच वेळी दोन तशा गाड्या आलेल्या, एक लष्करातल्या साहेबांची, दुसरी श्रीरामपूरच्या डॉक्टरांची, पाच-सहा वर्षांनी नंतरची. तुम्ही साहेबांच्या गाडीवरून हात फिरवता आणि डॉक्टरांच्या गाडीकडे बघून म्हणता, "ही म्हंजी बाळंतपणाला म्हायेरी येऊन बसलेली. उठायचं नावच न्हाई." मी म्हणते, नुसतं म्हणून चालत नाही अण्णा, मोजायला पाहिजे. हंगाम संपलेला होता, कारखान्याचा काटा रिकामा. दोन्ही गाड्या आपण एकामागून एक नेल्या. काट्यावरचा कारकून खिडकीतून मान काढून विचारतो, "ताई, ह्यात ऊस कुठं भरता?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून दोन पावत्या घेते आणि तुमच्यासमोर वजाबाकी करून दाखवते, चांगला तीन पोत्यांहून जास्त फरक. तुम्ही पावत्या वाचतसुद्धा नाही. म्हणता, "डिकी उघड." डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत तुमची पान्यांची पेटी, जॅक आणि जामखेडहून आत्याने पाठवलेलं ज्वारीचं पोतं. कारकून हसून हसून खिडकीखाली गेला. "कालेजात वजन करायला शिकवत्यात," तुम्ही म्हणालात, "आदी रिकामं करायला शिकवत न्हाईत व्हय?" चार माणसांसमोर. मी रडले नाही, पण त्या दिवसापासून आजपर्यंत डिकी उघडल्याशिवाय मी एकाही गाडीबद्दल तोंड उघडलेलं नाही.

सगळं उतरवून पुन्हा वजन केलं. तरी दोन पोती उरलीच. ती तुम्हाला बोचली. रविवारी गॅरेज बंद असायचं, चर्चहून आलो की तुम्ही पान्याला हात लावत नव्हता. त्या रविवारी लावलात. भंगारवाल्याचा काटा मागून आणलात, अंगणात गोणपाट अंथरलंत, आणि दोन्ही गाड्यांचे सुटणारे भाग शेजारी शेजारी मांडून एकेक तोलायला घेतलात. मी खडूने भिंतीवर लिहीत होते. मला वाटलं, मला खोटं पाडायचं चाललंय. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "आता त्या बंपरलाच वाढते."

गोणपाटावर एखादा अवजड राक्षस सापडेल अशी तुमची अपेक्षा होती. सापडल्या त्या माणसांच्या लहान लहान गरजा. जुन्या गाडीचे बंपर म्हणजे चकचकीत पट्टी. नवीचे आतून लोखंड, वरून रबर, कारण हळू टक्कर झाली तर दिवे फुटू नयेत असा परदेशात कायदा झाला होता. इंजिनाला एक जास्तीचा पंप, धूर कमी व्हावा म्हणून. जाड काच. पायाखाली जाड थर, कारण कुणाला आवाज नको होता. हीटर. मग एवढं सगळं पेलायला स्प्रिंगा जाड, टायर रुंद. वजनामागे वजन आलं होतं. एकही वस्तू एकटी जड नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी रास्तच काहीतरी मागितलं होतं आणि गाडीच्या कारखान्याने ते घातलं होतं. तुम्ही कमरेवर हात ठेवून भिंतीवरची यादी बघितलीत आणि म्हणालात, "हिनं काय खाल्लं न्हाई गं. समद्यांनी घास घास वाढलंय." मग माझ्याकडे वळून, "सांग मास्तरीणबाई, ह्यातलं काय काडू?"

तुम्ही दारातला पाइप उचललात. "ह्ये कुनासाठी?" मी म्हटलं, बाजूने धडक बसली तर आत बसलेल्यासाठी. तुम्ही मला साहेबांच्या गाडीत बसायला सांगितलंत, दार लावलंत, आणि बाहेरून गुडघा रेटलात. पत्रा माझ्या कमरेला येऊन टेकला. मग पाइप उचलून डॉक्टरांच्या गाडीच्या दारात होता तसा बसवलात, चारही बोल्ट आवळलेत, आणि हात धुऊन जेवायला गेलात. त्या विषयावर तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. हलक्या गाडीचं कौतुक मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हणजे मत आपल्यापाशी ठेवायचा नियम तुम्ही स्वतःच एकदा आवळून बंद केला होता. डॉक्टरांनीही पाइप काढायलाच सांगितले होते, हे मला त्या सकाळी आठवलं. तुम्ही त्यांना "बसत न्हाई, न्हाई काडता येत" असं काहीतरी सांगून वाटेला लावलं होतंत. मी तसं खोटं सांगणार नव्हते. फोन करून त्या गृहस्थांना आणि त्यांच्या बायकोला, दोघांनाही बोलावलं. गाडीत नंतर कुणीकुणी घातलेलं सामान बाजूला मांडलं, कारखान्याने घातलेलं बाजूला. म्हटलं, "हे आधीच्या मालकांनी चढवलेलं, सगळं काढते. बंपर तुमचा, हवा तर काढा. दारातले पाइप मी काढणार नाही. दुसरीकडे न्यायची असेल तर आत्ता न्या." ते लाल झाले. "गाडी माझी आहे, मॅडम!" तेवढ्यात बाई सीटवर बसून म्हणाल्या, "अहो, माझ्या बाजूचं दार जसंच्या तसं राहू द्या. तुमच्या बाजूचं तुम्ही आणि त्या बघून घ्या." माझे दोन्ही कारागीर पाठ फिरवून हसले. गृहस्थही हसले, उशिरा. "पुस्तकात हे लिहायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, पुस्तकाला पुढची वर्षं कुठून दिसणार. खोटारडी म्हटल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पण जाताना, संध्याकाळी या, पोह्याचे पापड केलेत हिने, म्हणाले. तेवढं पुरे.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. काल ट्रायलला म्हणून गाडी काढली आणि गरजेपेक्षा बरीच पुढे नेली, थेट करमाळ्याच्या रस्त्याला. शेतं मोकळी, वारा चांगला. रस्त्याला धरून चालत होती, वळणावर बसलेली राहत होती, आणि दार कोपराशी भक्कम होतं. अण्णा, मला जड गाडीच जास्त आवडली. तेव्हाही तीच आवडली होती. तुमच्यासमोर म्हणाले नाही एवढंच.

आज सकाळी ताब्यात दिलं ते असं: गाडी एक, चालू स्थितीत. किल्ल्या दोन. मागचे स्पीकर, वरचा गालिचा, जादा हॉर्न आणि पुढचा लोखंडी गार्ड, काढलेले, एका गोणीत. बंपर दोन, जागेवर. दारातले पाइप दोन, जागेवर. घेणाऱ्याची सही आहे. त्याखाली बाईंनीही केली आहे, मी मागितली नव्हती.