सात किलोत काय काय बसवू

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर

ती. रत्नमाला अक्कास धाकटा भाऊ राजकुमार याचा सविनय जयभीम.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू बोलू देत नाहीस. मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच "बरं, ठेवू का?" म्हणतेस आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवतेस. तुझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तेव्हा तुझी नात मेघा हे वाचून दाखवील. डोळ्यात थेंब वेळेवर टाकतेस का? वाकून झाडू नका असं डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणजे तू रोज अंगण झाडत असणार. इकडचं सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाकी कुशल काय असायचंय. पाणी आठवड्यातून एकदा येतंय, गुडघा दुखतोय, आणि प्रेरणाचं लग्न तोंडावर आलंय. (मेघा बेटा, कंसात लिहिलेलं फक्त तुझ्यासाठी, ते मोठ्यानं वाचू नको. मधेच का थांबलीस असं आजीनं विचारलं तर सांग, आजोबांचं अक्षर लागत नाही.)

तर लग्न बंगळूरला आहे हे तुला कळवलंच होतं. पोरगा तिच्याच ऑफिसातला, केरळचा, गरीब स्वभावाचा. मराठी त्याला दोनच शब्द येतात, "जयभीम पप्पा", पण ते इतक्या अदबीनं म्हणतो की मीच खुर्चीतून उठून उभा राहतो. आता तूच सांग अक्का, ज्या माणसानं उभी हयात दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो काढण्यात घालवली, त्याच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नाचे फोटो कुणी काढायचे? मी काढायचे. यात विचारायचं काय आहे? पण प्रेरणा फोनवर म्हणाली, पप्पा, कॅमेरा आणू नका, इथं माणसं ठरवलीत. मी हो म्हणालो आणि सोडून दिलं. पाहुणा चहा नको म्हणाला म्हणून कुणी गॅस बंद करतं का? तेव्हा कॅमेरा न्यायचा हे माझं पक्कं झालं. घोडं अडलं ते बॅगेवर.

मी कधी विमानात बसलो नाही. एसटीत मात्र माझी ती काळी पेटी घेऊन सगळा जिल्हा फिरलोय. खुलताबादची लग्नं केली, पैठणची केली, जिथं एसटी जात नाही तिथली बैलगाडीत बसून केली. कंडक्टरनं फार तर विचारलं असेल, यात कोंबड्या आहेत का? नाहीत म्हटलं की झालं. विमानाचं तसं नाही. हातातली बॅग सात किलोची, त्यावर चिमूटभर नको. गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर पेटी ठेवली, तर ती रिकामीच चार किलो भरली. आतलं सामान वेगळं ठेवलं तर ते नऊ. दोन कॅमेरे, तीन लेन्स, दोन फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर. यातलं मी चैनीला काही घेतलेलं नाही, प्रत्येक वस्तूमागं एकेक उन्हाळा गेलाय. रद्दीवाला म्हणाला, साहेब, देऊन टाकायचं का? भंगाराचा भाव सध्या बरा आहे. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मग म्हटलं, नवी हलकी बॅग घ्यावी. पैठण गेटला बॅगांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चार चाकांची गुलाबी बॅग पुढं ढकलली. चाचा, ये लेके जाओ, हवाईजहाज में सब यहीच लेके जाते. मी म्हटलं, हिला कॅमेऱ्यासाठी आत गादी नाही. तो म्हणाला, स्वेटर डाल दो. मी म्हटलं, स्वेटर टाकलं तर सात किलोच्या वर जाईल. तो म्हणाला, तो कॅमेरा निकाल दो. इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मग त्यानं पाठीवरची खास कॅमेऱ्याची बॅग काढली. आत कप्पेच कप्पे, बाहेर पट्टेच पट्टे. ती पाठीला लावून मी आरशात पाहिलं तर म्हातारा माणूस शाळेत परत निघाल्यासारखा दिसत होता. शिवाय पट्टे बांधायला एक माणूस लागतो आणि सोडवायला दुसरा. गीता असती तर तिनं एका दमात सगळं बसवलं असतं. बॅटऱ्या मोज्यात घालून, लेन्स टॉवेलात गुंडाळून ती माझी पेटी भरायची, आणि कुठं काय ठेवलंय हे मला लग्नघरातून फोन करून विचारावं लागायचं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला पेटीत हवी ती वस्तू एकदाही पहिल्या झटक्यात सापडलेली नाही. तिची लई आठवण येते अक्का. असो.

दुकानात जमलं नाही म्हणून बॅग शिवून घ्यायचं ठरवलं. (मेघा, इथं आजी म्हणेल, बरं केलं. तिला पुढचं ऐकू दे.) चितेगावात रामकिसन म्हणून एकजण आहे, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं आणि टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतो. हात चांगला आहे त्याचा. त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, त्यामुळं शब्दाला मान. विमान कंपनीनं छापलेलं माप मी कागदावर उतरवून दिलं, पंचावन्न, पस्तीस, पंचवीस. हलक्या कापडाची शिव म्हटलं, आत फोम घाल म्हटलं, विमानात न्यायची आहे हेही सांगितलं. तो जरा वेळ कागदाकडं बघत बसला, मग माझ्याकडं बघितलं, मग म्हणाला, व्हय, होऊन जाईल. आठवड्यानं त्याचा फोन आला की बॅग तयार आहे, पण मोटारसायकलवर येऊ नका, मीच पाठवतो. मला वाटलं, काय माणूस आहे, घरपोच देतोय. संध्याकाळी स्टुडिओसमोर टेम्पो थांबला आणि त्यातून दोघांनी मिळून ती बॅग उतरवली. अक्का, शिवणाऱ्या माणसाचा टेप इंचाचा असतो हे मला कळायला पाहिजे होतं. कागदावर मी सेंटिमीटर लिहिलं नव्हतं, आणि त्यानं जन्मात सेंटिमीटर वापरला नव्हता. बॅग उभी केली तर माझ्या खांद्याला लागते. आडवी केली तर स्टुडिओचं दार बंद होत नाही. मी फोन करून म्हटलं, अरे रामकिसन, एवढी बॅग कुणी हातात धरतं का? तो म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं साहेब. पण विमानाचं माप म्हनल्यावर म्या काय बोललो नाय. विमान मोठं असतंय." शिलाई मात्र झकास आहे, एक धागा निघणार नाही. कुलूपही दिलंय. सध्या ती स्टुडिओत भिंतीला लावून ठेवली आहे आणि पासपोर्ट फोटोला आलेली माणसं नंबर येईपर्यंत तिच्यावर बसतात. काल एक बाई उठताना म्हणाल्या, सोफा बरा आहे, कुठून घेतला?

एवढ्यावर माणूस गप्प बसला असता. पण शेजारी गोकुळ आहे, मोबाईलचं दुकान आहे त्याचं, एकदा दुबईला जाऊन आलाय आणि तेव्हापासून त्याला विचारल्याशिवाय गल्लीतलं कुणी रिक्षातसुद्धा बसत नाही. तो म्हणाला, मामा, बॅग तोलतात, माणूस तोलत नाहीत. अंगावर घाला. मला ते पटलं. पटायला नको होतं. लग्नाच्या सीझनला वापरतो ते बिनबाह्यांचं खिशांचं जाकीट काढलं, छातीशी दोन लेन्स, पाठीशी फ्लॅश, कमरेला बॅटऱ्या, आणि मोठी लेन्स पोटावर ठेवून वरून शर्ट घातला. मग म्हटलं, ऐनवेळी फजिती नको, आधीच विचारून यावं. रिक्षा करून भर उन्हात चिकलठाण्याला विमानतळावर गेलो. दारात बंदूकवाला जवान. त्यानं तिकीट मागितलं, मी दाखवलं. तो म्हणाला, चाचा, ये तो अगले महिने का है, आज क्यों आए? मी म्हटलं, वजन करायला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या पोटाकडं गेलं. पेट पे क्या है? आता अक्का, बंदूक हातात असलेल्या माणसासमोर शर्टात हात घालून काळी नळी बाहेर काढायची नसते हे मला गोकुळनं सांगितलं नव्हतं. पुढं दोन जवान अजून आले, मला सावलीत बसवलं, एकेक वस्तू काढून बाकावर मांडली. माणसं भली होती, पाणी दिलं. धाकट्या जवानानं तर विचारलं की त्याच्या साखरपुड्याचे फोटो किती घेऊन काढाल. शेवटी मोठा म्हणाला, चाचा, कॅमेरा बॅग में रखते हैं, पेट पे नहीं. म्हणजे जिथून निघालो तिथंच परत आलो. येताना बॅटऱ्यांच्या वजनानं पॅन्ट घसरत होती, ती एका हातानं धरून रिक्षात बसलो. (मेघा, हा मजकूर वाचलास तर पॅन्टचं गाळ. आजी पैठणभर सांगेल.)

आता रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की सगळं सामान कॉटवर मांडतो आणि एकेक वस्तू कमी करतो. आधी दुसरा फ्लॅश काढला. मग मोठी लेन्स काढली, ती काढताना हात मागं येत होता. मग दुसरा कॅमेरा काढला आणि लगेच परत ठेवला, कारण भर लग्नात पहिला बंद पडला तर? असं करत करत सात किलोवर आणलं, तेव्हा लक्षात आलं की आपले कपडे राहिले. गोकुळ म्हणतो, कपडे विमानाच्या पोटातल्या मोठ्या बॅगेत टाका. पण ती बॅग दुसऱ्याच गावी उतरली तर? लग्नात मी काय बनियनवर फिरू? मग मनात आलं, फिरलो तर फिरलो, कॅमेरा हातात असला म्हणजे फोटोग्राफरच्या कपड्यांकडं कुणी बघत नाही. हे वाक्य मनात आलं आणि मी सामान तसंच टाकून कॉटच्या कडेला बसलो.

अशी सगळी कथा आहे. विमानाचा शोध ज्यानं लावला त्याच्या घरात फोटोग्राफर नसावा. तुझी तब्येत सांभाळ. अंगण सुनेला झाडू दे. घरात सर्वांना जयभीम, मेघाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
राजकुमार

ता. क. तुझं तिकीट काढलंय. दाजी गेल्यापासून तू पैठणच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, माझ्या घरीसुद्धा आली नाहीस, तेव्हा विचारलं असतं तर तू "बरं, ठेवू का?" म्हणाली असतीस. म्हणून आधी तिकीट काढलं, मग पत्र लिहिलं. नाही म्हणू नको. खिडकीची जागा आहे, डोळ्याच्या डॉक्टरला मी विचारलंय, तो म्हणाला खुशाल न्या. आणि यात माझाही स्वार्थ आहे. तुझेही सात किलो वेगळे मिळतात. शिवाय बाईमाणसाची पर्स वजनात धरत नाहीत असं गोकुळ म्हणतो. बाजाराला नेतेस ती मोठी पिशवी पर्स म्हणून काखेत घेतलीस, तर तिच्यात दोन लेन्स आणि फ्लॅश आरामात बसतात.

ता. क. दुसरा. (मेघा, हे मोठ्यानं वाच, हळू वाच.) अक्का, ती पिशवी आणू नको. प्रेरणा काय म्हणाली ते मी वर अर्धंच लिहिलं. माणसं ठरवलीत म्हणाली, आणि पुढं म्हणाली, पप्पा, माझ्या एकाही वाढदिवसाच्या फोटोत तुम्ही नाही. लग्नात मला तुमचं तोंड बघायचंय. एवढं ऐकूनसुद्धा महिनाभर बॅगा शोधत फिरलो. कारण बॅगेचं रडगाणं कुणापुढंही गाता येतं. कॅमेरा नेत नाही. आज सगळं कपाटात ठेवलं आणि किल्ली गोकुळकडं दिली.

पण अक्का, आजवर शेकड्यांनी पाठवण्या बघितल्या मी. पोरीच्या बापाला मीच म्हणायचो, दादा, जरा इकडं बघा, अजून एकदा तिला जवळ घ्या, मघाशी फोकस नव्हता. बाप बिचारा डोळे पुसून परत रडायचा. आणि दरवेळी कॅमेऱ्यामागं मीही रडायचो. गीतालासुद्धा ते माहीत नव्हतं. कॅमेऱ्यामागं माणसाचं तोंड दिसत नाही. आता आमची प्रेरणा बंगळूरातच, दोन गल्ल्या सोडून जाणार आहे. तिचं सामान तर आधीच तिकडं गेलंय. तरी पाठवणी ती पाठवणीच. शेजारी गीता नाही, हातात कॅमेरा नाही. पोरीला माझं तोंड बघायचंय, तर लग्न लागेपर्यंत हसरं दाखवतो, तेवढं जमेल. ती गाडीत बसायला निघाली की तू माझ्या पुढं येऊन उभी राहा. आपल्या घरात तूच एक उंच आहेस.