पट्टा घरीच राहिला

प्रिय काकाजी,

तुमची गिटार आज सकाळी विकली. ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवावी, म्हणून लिहायला बसले आहे. रागावू नका, आज्ञा तुमचीच होती! "तू बी.ए. झाली का गिटार विकजो अन् पुढच्या शिक्षणाले लावजो. पण मुकी विकू नोको. बैल का कोणी चालवून दाखवल्याबिगर विकते?"

ही अट घालताना माझा स्वभाव तुम्हांला ठाऊक नव्हता का? शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही गिटार घेऊन मंचावर उभे, ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले जाते आहे, आणि मी ग्रंथालयाच्या कपाटामागे! माझे गाणे तुम्ही एकट्यानेच वाजवून संपवले. घरी परतताना एवढेच विचारलेत, "कपाटामागं कोणतं पुस्तक सापडलं वं?" त्या दिवसाची क्षमा मी कधीच मागितली नाही.

पावसाळा आला की तुम्ही गिटार धानाच्या कोठीत पुरून ठेवत असा आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना निघताना झटकून बाहेर काढत असा. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर आम्हीही तोच नेम पाळला. नागपूरहून आलेल्या वादक पाहुण्यांनी आज ती उलटी केली, तर आतून चिमूटभर धान गळले!

"एवढी जुनी गिटार, अन् गंज कुठीच नाई?" ते चकित झाले.

"वीस वर्षं धान खाल्लं तिनं," बाबा म्हणाले. "तब्येत पाहा!"

पाहुण्यांनी सोबत आणलेला छोटा स्पीकर जोडला आणि ते वाजवायला बसणार, तोच बाबांनी हात आडवा धरला. "थांबा भाऊ. आमच्याइथी विकणाराच चालवून दाखवते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात कपाट होते, काकाजी. पण त्याच्यामागे भिंत होती.

मी तुमची नांदीची चाल वाजवली. तिसऱ्या वळणावर नेमकी चुकले, जिथे मला शिकवताना तुम्ही जिभेने 'च्च' करत असा तिथेच. आईच्या हातातले सूप थांबले. कुंपणापलीकडून शेवंताबाईंनी हाक दिली, "सुधाकर भाऊ आले का वं?" मग त्यांनाच आठवले असावे. त्या तिथेच उभ्या राहून ऐकत राहिल्या.

चाल संपली तेव्हा माझे कान तापले होते. पण मी पळाले नव्हते! पाहुण्यांनी घासाघीस केली नाही. "पोरीनं वाजवलं, आता काय बोलू?" एवढेच ते म्हणाले.

गिटार त्यांच्या हाती देताना बाबांनी तिचा घामाने काळवंडलेला पट्टा मात्र सोडून घेतला.

"अन् पट्टा?"

"बैल विकला तरी दावं देत नाई आम्ही, भाऊ. दावं घरी राह्यलं का दुसरा बैल येते."

पाहुणे मनापासून हसले आणि गिटार लेकरासारखी दोन्ही हातांवर घेऊन निघाले.

पट्टा आता माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगला आहे. पुढल्या महिन्यात मी शिकायला नागपूरला जाईन तेव्हा तो माझ्या पेटीत असेल. काकाजी, वचन देते: तिथल्या स्नेहसंमेलनात माझे नाव पुकारले गेले, तर मी जागेवरून उठून मंचाकडेच चालू लागेन. आणि स्वतःच्या पहिल्या कमाईतून या दाव्याला एक गिटार बांधीन. तोवर ते तिसरे वळण तोंडपाठ करून ठेवते.

कपाटामागून बाहेर आलेली,
तुमची पुतणी
मृणाल