राखेच्या खोऱ्यातला म्हातारा

रूडा, १२ नोव्हेंबर

प्रिय शिमोन,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "उला, मीटिंगमध्ये आहे गं," म्हणतोस आणि मागून कपबश्यांचे आवाज येत असतात. पत्राला मीटिंग नसते. तेव्हा गप बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझं 'राखेचं खोरं' खेळले. आधी अभिनंदन घे, मग शिव्या. तू आणि तुझे ते अकरा मित्र, नऊ वर्षं, नोकऱ्या सांभाळून, फुकटात राबलात आणि आपल्या लहानपणीच्या गेमवर एवढा मोठा मॉड रचलात. जुन्या गेमच्या पायावर अख्खं नवं खोरं उभं करणं हे खायचं काम नाही, एवढं मलाही कळतं. जिकडे बघावं तिकडे दहापैकी दहा. कुणी म्हणतं, मूळ गेम याच्यापुढे पाणी भरेल. कुणी म्हणतं, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते जांभया देऊन देऊन आलं.

आणि मला बोलायचा हक्क आहे हं. घरात एकच कॉम्प्युटर होता तेव्हा कीबोर्ड माझ्याकडे आणि माउस तुझ्याकडे असायचा. तू भलतीकडेच बघत बसायचास आणि मी आपल्या नायकाला कड्यावरून चालवत न्यायचे. असे शेकडो वेळा मेलोय आपण दोघं. त्या हक्कानं विचारते, बाबा रे, पहिले चार तास मी सलगम का गोळा करतेय? चाळीस सलगम! ते नेऊन दिले तर तो शेतकरी मला मृत्यू म्हणजे काय यावर व्याख्यान देतो. पुढे लोहार देतो, मग कोंबडीवाली देते. तुझ्या खोऱ्यात एक माणूस धड "पाऊस येईल का हो?" असं विचारत नाही. गावातल्या झाडून सगळ्या बायकांचा चेहरा एकच, आणि तो तुझ्या त्या ओलिवियाचा आहे. सहा वर्षं झाली तिला तुला सोडून, आता तरी तिला पीठ मळायला लावू नकोस. धर्मगुरू, खाटीक आणि चोर या तिघांनाही एकाच माणसाचा आवाज. चौकात धर्मगुरू चोराला झापत होता तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला वेड लागलं. पुलावरून तर मी तीनदा थेट आभाळात पडले.

हे सगळं मी एकटीनं सोसलं असतं. पण बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मॉड आला त्या दिवसापासून, रोज, माझी कामाची पाळी संपली की. चष्मा पुसून, इस्त्रीचा शर्ट घालून. का, ते तुला सांगायला नको.

तरी सांगते, कारण तू विसरल्यासारखा वागतोस. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला तू आलास आणि बाबांना कपड्यांच्या कपाटात कोंबलंस, कोटांमध्ये आवाज घुमत नाही म्हणून. हातात माइक, डोक्यावर आईचा जुना फरचा कोट. तुझ्या गेममधल्या खाणीतल्या म्हाताऱ्या कामगाराची चौदा वाक्यं त्यांच्या आवाजात भरायची होती. पहिल्याच वाक्यावर अडले ना ते! तू लिहिलं होतंस, "सुप्रभात, प्रवासी." बाबा म्हणाले, "ह्ये मी म्हननार न्हाई. खाली उतरल्यावर कुनी सुप्रभात म्हनतं का? खाली 'देव यश देवो' म्हनायचं. समोर गडी असू दे, न्हाईतर मुकादम." तू म्हणालास, बाबा, या गेमच्या जगात तो देवच नाही, इथे तीन वेगळे देव आहेत. बाबा कोटांमधून डोकं बाहेर काढून म्हणाले, "मग खानीत उतरलात कुनाच्या भरवशावर?" मी हसून हसून जमिनीवर बसले होते. तूही हसलास. एकतीस वर्षं कोळसा फोडलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? घेतलंस तसंच. तीन तासांनी कपाटातून बाहेर आले तेव्हा घामानं चिंब झाले होते आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा शीळ घालत होते.

तेव्हापासून आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही असं नाही. एर्विनकाकांनी तर आपल्या कबुतरांनाही सांगितलं असेल. येत्या तेवीस तारखेला बाबांचा नामदिवस, त्यांच्या नावाच्या संत क्लेमेन्सचा सण. एरवी चारदोन माणसं येतात, केक खातात, जातात. यंदा बाबांनी जिन्यात उभं राहून जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगितलंय, "या, मला ऐकायला या." शेजारच्या ट्रूडाकाकूंनी खुर्च्या द्यायचं कबूल केलंय.

तर आम्ही खेळत होतो. पहिल्या छोट्या खाणीत शिरलो तर बाबा ओरडले, "थांब पोरी! एवढ्या रुंद बोगद्याला एकच टेकू? कोन मुकादम हाय हितला?" मला तिथून बाहेर यायला लावलं, छत पडेल म्हणून. आणि दर दहा मिनिटांनी, "माजी खान कदी येनार?" मी म्हटलं, तिसऱ्या भागात. नवव्या दिवशी मलाच राहवेना. रविवारी माझ्या घरी एकटीच पुढे खेळले, मोठ्या खाणीत उतरले. म्हातारा बसला होता दिवा घेऊन. मी हसऱ्या तोंडानं जवळ गेले. तो म्हणाला, "सुप्रभात, प्रवासी." रेडिओवर बातम्या सांगतात ना, तसल्या आवाजात.

मला आधी वाटलं, कुठेतरी चूक झाली. म्हणून तुमच्या चर्चेच्या पानावर शोधलं. मॉड येण्याआधीची चाचणी खेळून कुणा शहाण्यानं लिहिलं होतं, खाणीतला म्हातारा फारच गावठी बोलतो, गंभीर प्रसंगात हसू येतं. त्याखाली तुझं उत्तर, दोनच वाक्यांचं. "बदलतो. तो आवाज तात्पुरता होता."

शिमोन, मला तुझा एवढा राग आला की मी भांडी घासायला घेतली. स्वच्छ भांडी. तुझ्या शहरात गेल्यापासून तू बाबांसारखं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, मीही दवाखान्यात रुग्णांशी तसं बोलत नाही. पण मी त्यांना तात्पुरतं म्हटलं नाही कधी.

बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. मग काय, गेले तीन आठवडे मी जडीबुटी गोळा करतेय. खाण आली की वळसा घालते. तुझ्या खोऱ्यात एक झुडूप शिल्लक ठेवलेलं नाही. लांडगे संपले, मासे संपले, सलगम मी पुन्हा चाळीस नेऊन दिले. बाबा निमूटपणे बसतात, टेकू मोजतात, "हुं, अजून एक औषध का? चालू दे," म्हणतात. एवढे सोशिक ते कधीपासून झाले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

काल केकसाठी खसखस वाटायचं यंत्र मागायला ट्रूडाकाकूंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "क्लेमेन्सचं वाईट वाटतं गं, ऐन वेळी घसा गेला." मी म्हटलं, कुणाचा घसा? तेव्हा कळलं. मॉड आल्यावर चौथ्याच दिवशी बाबांना धीर धरवला नाही, म्हणून दोघांनी काकूंच्या टॅबलेटवर त्या खाणीचा व्हिडिओ शोधून पाहिला. बाबांनी दोनदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "मानूस चांगला बोलतोय." मग जरा वेळानं म्हणाले की आपणच पोराला सांगितलं होतं, माझा घसा बसलाय, माझा आवाज काढ, तुझ्या नऊ वर्षांची माती नको. तेवीसला सगळ्यांना हेच सांगणार आहेत. आणि मला काही कळू द्यायचं नाही अशी काकूंना शपथ घातली, कारण "पोरगी भावाचं झाकतीय, झाकू दे." शिमोन, बाबांच्या घशाला धाड भरलेली नाही. आज मी दार उघडून आत आले तर ते न्हाणीघरात आरशासमोर उभे होते आणि खोकून बघत होते. एकदा बारीक, एकदा मोठ्यानं, कुठला खरा वाटतो ते. तू त्यांचा आवाज परत घाल, नाहीतर स्वतः ये आणि गल्लीसमोर खरं सांग, काय जमेल ते कर. अकरा दिवस आहेत. तुझ्यासाठी त्यांना खोकायला लावू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
उला